गंज काढला

१

"अक्का, माझी पट्टी मेली," धाकटा फोनवर म्हणाला.

मी तेव्हा चष्म्याचा पडलेला स्क्रू शोधत जमिनीवर रांगत होते. "कुत्री कधी पाळलीस?" मी विचारलं. "आणि पट्टी हे काय नाव झालं?"

तो हसला नाही. माझ्या विनोदांना तो लहानपणापासूनच हसत नाही, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग त्याने हुंदका दिला. अठ्ठावन्न वर्षांचा, डोक्यावर चार केस उरलेला माझा गुंड्या फोनवर रडत होता. मी स्क्रूचा नाद सोडला आणि खुर्चीवर बसले.

पट्टी म्हणजे निकेलच्या स्पंजचा बोटभर तुकडा. भांडी घासायच्या स्पंजसारखीच आरपार भोकं, फक्त धातूची. पोटॅश घातलेल्या पाण्यात ती बुडवून वीज सोडली की पाणी फुटतं, एकीकडे हायड्रोजन सुटतो आणि दुसरीकडे ऑक्सिजन. हे शाळेतली मुलंही करतात. मेख अशी की पाणी फुटायला वीज फार खर्च होते, आणि ती कमी लागावी म्हणून स्पंजवर दुसरे धातू चढवावे लागतात. माझ्या भावाने म्हणे ते न चढवताच भागवलं होतं. निव्वळ निकेल, दुसऱ्या धातूचा कणही नाही. सगळी करामत भोकांच्या आत त्याने भट्टीत उगवलेल्या बारीक पापुद्र्यांची. मीटरवरचा आकडा जितका खाली तितकी वीज कमी, आणि त्याची पट्टी दीड वर्षं १.५२ वर ठाण मांडून बसली होती. या सोमवारपासून ती १.७१ दाखवत होती. म्हणजे कुठल्याही साध्यासुध्या निकेलइतकी.

"मेली नाही, बदलली," तो सावरून म्हणाला. "खरी काढून नेली आणि तिथे भलतीच लावली. पुढच्या गुरुवारी समिती येतेय, अक्का. पट्टी चालली तर लॅब राहील, नाहीतर कुलूप."

"संशय कोणावर आहे?"

"संशय कसला! चोराने स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवलंय. तू फक्त ये आणि शिक्कामोर्तब कर."

तीस वर्षं मी सरकारी तपासणी प्रयोगशाळेत काढली. पोलिस सीलबंद पिशव्या आणायचे, त्यात कोयते, शर्ट, चादरी असायच्या, आणि त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा, हा डाग रक्ताचा की गंजाचा? त्या प्रश्नात मी एकदाही चुकले नाही. म्हणून तर पुढे जे झालं त्याची मला जास्तच लाज वाटते. पण वहीत नोंद करून चोरी करणारा चोर मात्र मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. बॅग भरायला मला दहा मिनिटं लागली.

२

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या लॅबच्या दारात उभी होते. लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाची खोली, शेजारी बंद पडलेली लिफ्ट. दारावर गुंड्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात एक कागद चिकटवला होता. 'समिती येत आहे. लॅबमध्ये धूळ, जळमटं, गंज, कचरा काहीही दिसता कामा नये. हुकमावरून.' खाली लफ्फेदार सही. हुकमावरून! घरात याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही.

आत टेबलावर दोन जार मांडले होते, दोन नंबर आणि तीन नंबर. एक नंबर कधीच फुटला होता. तीन नंबरकडे मी दोनदा पाहिलं. तो जार आईच्या गंजात ठेवला होता.

आमच्या घरात उभट स्टीलच्या पातेल्याला गंज म्हणायचे. आई गेली तेव्हा मी तिची शाल घेतली आणि याने हा गंज घेतला. गंजात गरम पाणी, त्या पाण्यात जार, जारमध्ये पट्टी, अशी रचना होती. घरचा शब्द लॅबभर झाला होता. वहीत पानापानावर 'गंज भरला', 'गंज साठ अंशांवर', 'गंज पुसला' अशा नोंदी होत्या.

जारच्या उघड्या तोंडावर लोखंडी स्टँडची पकड होती आणि तिच्यात पट्टीची तार धरलेली. पकडीला नळवाले वापरतात ती पांढरी टेप व्यवस्थित गुंडाळली होती आणि स्टँडची दांडी नव्या भांड्यासारखी लखलखत होती. शेजारच्या दोन नंबरच्या जारचा स्टँड प्लॅस्टिकचा होता.

"कुठे आहे तो कबुलीजबाब?" मी म्हणाले.

वही बारकीने उघडली. बारकी म्हणजे गुंड्याची विद्यार्थिनी, पीएचडीचं पाचवं वर्ष, हाडं मोजून घ्यावीत अशी अंगकाठी. सफाईच्या पानावर शेवटची नोंद मागच्या शनिवारची, ठसठशीत, शाळकरी अक्षरात होती. 'टेबल पुसलं. दोन, तीन जारभोवती झाडलं. गंज काढला.'

"शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर खोलीची किल्ली तिच्याकडेच होती," गुंड्या म्हणाला. "सफाईवाली मावशी. गंज काढला! गंज काढायचं तिला कारण काय? गंज बाहेर काढल्याशिवाय जार निघत नाही आणि जार निघाल्याशिवाय पट्टी निघत नाही."

मलाही ते पटलं. आईच्या गंजाकडे पाहत मी मान डोलावली.

गुंड्या मावशीला बोलवायला गेला तेव्हा मी बारकीला जवळ बसवलं. "पट्टी कधी बिघडली, नीट सांग."

"मॅडम, दर सोमवारी आम्ही पोटॅशचं पाणी बदलतो. ताजं पाणी घातलं की ती थोडी बिघडतेच. १.६८, १.६५ असं दाखवते. मग हळूहळू उतरते आणि मंगळवारी परत जागेवर. सर त्याला सोमवारचा रुसवा म्हणतात. या वेळी रुसवा गेलाच नाही."

"म्हणजे ताज्या पाण्यावर रुसते आणि शिळ्या पाण्यावर खूश होते? अजबच बाई आहे."

बारकी कसनुसं हसली.

"आणि त्या दोन नंबरमध्ये काय आहे?"

"त्या माझ्या पट्ट्या. भट्टी तीच, कृती तीच. पाच वर्षांत एकही १.६९ च्या खाली आली नाही." ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "सर म्हणतात, माझ्या हाताला गुण नाही."

३

मावशी पंचेचाळिशीची, काटक, नजर खाली न घालणारी बाई होती. तीन आठवड्यांपूर्वी कंत्राटदाराने तिला इथे लावलं होतं. त्याआधी ती एका दवाखान्यात फरशी पुसायची. घरात सासू अंथरुणाला खिळलेली आणि कमावती ही एकटीच. या नोकरीसाठी तिने चार वर्षं चपला झिजवल्या होत्या, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती फारसं बोललीच नाही.

"गंज तुम्ही काढलात?" गुंड्याने वकिली आवाजात विचारलं.

"हो सर. वहीत लिहिलंय की."

"कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

"मी?" गुंड्या माझ्याकडे वळला. "ऐकलंस? चोराच्या उलट्या बोंबा!"

"आणि काढून काय केलंत?" मी विचारलं.

"सिंकमध्ये धुऊन टाकला. दोन तास मोडले. इतका चिकटून बसला होता."

ते चिकटून बसणं मला जरा खटकलं. स्टीलचा गंज पाण्यात कशाला चिकटेल? पण गुंड्या म्हणाला की जार खाली रुतून बसतो, आणि मी गप्प बसले.

"मावशी, सरळ विचारते. तुम्ही चोरी केलीत का?"

"मॅडम, चोरी केली असती तर लिहून ठेवली असती का?"

माझाही प्रश्न तोच होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ताडकन उठून गेली. गुंड्या म्हणाला की बघ, पळाली. पकडल्या गेलेल्या आणि अपमान झालेल्या माणसाची चाल सारखीच दिसते, हे त्याला कोण सांगणार?

दुसरा संशयित समोरच्या लॅबमध्ये होता. उन्हाळ्यातही कोट घालतो म्हणून सगळे त्याला कोट म्हणतात. त्यालाही स्वस्त पट्टी हवी होती, आणि गुंड्याची खोली तर त्याहूनही हवी होती. त्याची लॅब काचेसारखी स्वच्छ, सगळी भांडी प्लॅस्टिकची, सगळे स्टँड प्लॅस्टिकचे.

"मी चोरीन ती पट्टी?" कोट मनापासून हसला. "ताई, वर्षापूर्वी तुमच्या भावाने स्वतःच्या हाताने मला एक पट्टी दिली होती. त्याच्या जारमध्ये महिनाभर चाललेली. इथे लावली, तर आठवड्यात गार झाली. त्याला सांगितलं तर म्हणतो, तुझं पाणी वाईट. माझं पाणी! या इमारतीत माझ्याइतकं शुद्ध पाणी कोणाकडे नाही."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच." मग हसू आवरून तो हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या दोन शहरांतही कोणाला जमली नाही ती पट्टी. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसेल."

नव्हतं सांगितलं.

४

चोरी झाली की नाही हे ठरवायला आधी एक गोष्ट पक्की हवी होती. जारमधली पट्टी जुनीच आहे की बदललेली?

शनिवारी सकाळी मी गुंड्याला विचारलं, "पट्टी कापलीस तेव्हा उरलेला तुकडा ठेवलास का?"

"मी काहीच टाकत नाही," तो म्हणाला. ते खरं आहे, त्याच्या बायकोला विचारा. टेबलाचा खालचा खण त्याने उघडून दिला आणि तो कोणाचा तरी फोन घ्यायला गेला.

तुकडा पाकिटात होता. पाकिटाखाली एक पत्र होतं, दोन वर्षांपूर्वीचं, दूरच्या कुठल्याशा लॅबचं. कोणाची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं, पण दुसऱ्यांच्या वस्तू उकरण्याचाच मी तीस वर्षं पगार घेतलाय. पत्रात एकच प्रश्न होता. 'आपल्या पोटॅशमध्ये लोखंडाचा अंश नाही ना, याची खात्री केली आहे का? निकेलमध्ये लोखंडाचा लवलेश शिरला तरी आकडा असाच खाली येतो, हे जुनंच ज्ञान आहे.' खाली कोंबडीचे पाय होते. 'सगळ्यात शुद्ध पोटॅश मागवलं. बाटलीतून काढून तपासलं. लोखंड नाही. पट्टी तरीही १.५२. सिद्ध!' सिद्धच्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

प्रामाणिक आहे माझा भाऊ. एवढं मात्र खरं.

मी जारमधली पट्टी काढून भिंगाखाली धरली आणि तिच्या कडेला तो तुकडा लावला. स्पंज कापला की भोकंही मधोमध कापली जातात, अर्धं भोक इकडे, अर्धं तिकडे. फाटलेल्या नोटेचे दोन भाग जुळावेत तशी अर्ध्याला अर्धी भोकं जुळत गेली. एकही चुकलं नाही.

गुंड्या परत आला तेव्हा मी म्हणाले, "गुंड्या, ही तीच पट्टी आहे. कोणी बदलली नाही."

"मग ती मेली कशाने?"

"ते मला अजून माहीत नाही. पण चोर नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोर मीच पळवला होता.

५

मावशी दुपारी फडकं घेऊन आली तेव्हा मी तिला थांबवलं. "मावशी, मागच्या शनिवारी जे जे केलंत ते मला जसंच्या तसं करून दाखवा. हात लावू नका, नुसतं दाखवा."

तिने टेबल पुसल्याचं दाखवलं. जारभोवती झाडल्याचं दाखवलं. मग ती तीन नंबरपाशी आली. मी आईच्या गंजाकडे डोळे लावून बसले होते. मावशी गंजाच्या पलीकडे गेली आणि तिने स्टँडच्या पकडीकडे बोट केलं.

"इथला काढला."

"काय काढलात?"

"गंज."

"अहो, गंज तर हा." मी पातेल्यावर टकटक केली.

"ते पातेलं," मावशी म्हणाली. "त्याला कशाला हात लावू? भाजलं असतं की. लोखंडाचा गंज काढला मी. पकडीवर तांबडी खपली चढली होती, बोटभर जाड. घासून घासून काढली आणि पुन्हा गंजू नये म्हणून टेप गुंडाळली. सरांनी दारावर लिहिलंय ना, गंज दिसता कामा नये म्हणून."

बारकीच्या हातातून वही पडली. मी कपाळावर हात मारून घेतला. हा डाग रक्ताचा की गंजाचा, हे सांगण्यात जन्म गेला माझा, आणि 'गंज काढला' हे साधे दोन शब्द मला वाचता आले नाहीत. कारण माझ्या आईने पातेल्याला गंज म्हटलं होतं. गुंड्याने तर स्वतः दारावर लिहिलेला गंज वेगळा आणि वहीतला वेगळा वाचला होता. आम्ही दोघं भावंडं भरपूर शिकलेलो, आणि मिळून एका बाईला चोर ठरवून मोकळे झालो होतो.

पुढचं जुळवायला वेळ लागला नाही. पट्टीवर बुडबुडे फुटतात तेव्हा पोटॅशचे बारीक तुषार वर उडतात. ते वरच्या गंजलेल्या पकडीवर बसायचे, थेंब व्हायचे आणि तांबूस होऊन परत जारमध्ये टपकायचे. सोमवारी पाणी ताजं, त्यात लोखंड नाही, म्हणून रुसवा. मंगळवारपर्यंत पुरेसं टपकलं की रुसवा जायचा. दोन नंबरवर प्लॅस्टिकचा स्टँड, म्हणून बारकीच्या हाताला गुण नाही. कोटच्या लॅबमध्ये गंज औषधालाही नाही, म्हणून तिथे पट्टी गार. गुंड्याने बाटलीतलं पोटॅश तपासलं होतं, जारमधलं कधीच नाही. त्याने पाण्यातून सगळं निवडून काढलं आणि गंज त्याच्या डोक्यावरच लटकत राहिला.

तरीही पुरावा लागतोच. वापरलेलं पाणी कॅनमध्ये तारीख टाकून साठवलेलं असतं. जुन्या सोमवारचं थोडं घेतलं, आटवलं, आम्ल घातलं आणि माझा जुना मित्र थायोसायनेट त्यात टाकला. लोखंड असलं की हा थेंब लाल होतो. झाला. पुसट, पण लाल. बाटलीतल्या ताज्या पोटॅशला रंग आला नाही, आणि तीन नंबरमध्ये या आठवड्यात जे होतं त्यालाही नाही.

मावशीच्या बादलीत तारेची घासणी तशीच पडली होती, तांबडी झालेली. मी ती कागदावर झटकली, चिमूटभर गंज पडला. तो तीन नंबरच्या जारमध्ये टाकला आणि आम्ही कुलूप लावून घरी गेलो.

सोमवारी सकाळी मीटरवर १.५२ होतं.

६

गुंड्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं. "जगली! अक्का, जगली!" त्याने मावशीची माफी मागितली, बारकीला पेढे आणायला पैसे देऊ केले. समितीला काय सांगायचं तेही त्याने ठरवून टाकलं. "लोखंड थोडं मदत करतं, एवढंच. मूळ करामत पापुद्र्यांचीच."

बारकी पेढे आणायला गेली नाही. ती दोन नंबरपाशी उभी होती. "सर, मग माझ्या पट्ट्या?"

चिमूटभर गंज दोन नंबरमध्येही गेला. मंगळवारी तिच्या पट्ट्या १.५३ वर होत्या. ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पीएचडीच्या पहिल्या वर्षापासूनचं सगळं रडून घेतलं. पाच वर्षं हाताला गुण नाही म्हणून ऐकलेल्या मुलीने दुसरं काय करायचं?

मग तिनेच डोळे पुसले, कपाटातून स्पंजचं नवं कोरं भेंडोळं काढलं आणि कात्रीने एक तुकडा कापला. भट्टी नाही, कृती नाही, पापुद्रे नाहीत. नुसता धुतला आणि दोन नंबरच्या त्याच पाण्यात सोडला. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मला ते सुचलं होतं आणि मी गप्प बसले होते. ती खरी शास्त्रज्ञ होती.

बुधवारी दुपारी मीटरवर १.५३ होतं. तो साधा, बाजारातून आणलेला, कोणीही कापू शकेल असा तुकडा.

गुंड्याने मीटरची वायर काढून परत लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग तो बाहेर गेला आणि बंद लिफ्टशेजारच्या पायरीवर बसला. मी जाऊन त्याच्याजवळ बसले.

"अक्का," तो म्हणाला, "चोरी झाली असं लिही."

"कोणी केली?"

"कोणी का करेना. मावशीचं नाव घालू नकोस. अज्ञात इसम लिही."

"आणि चोरीला काय गेलं?"

त्याने माझा हात धरला. लहानपणी शाळेत सोडायला जायचे तेव्हा धरायचा तसाच. "चोरीला गेलेली वस्तू निदान खरी तरी असते गं."

मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. पण 'अज्ञात इसम' म्हटलं तरी सगळं जग किल्ली कोणाकडे होती तेच विचारणार होतं. मी संध्याकाळी अहवाल लिहिला. 'चोरी झालेली नाही. चोरण्यासारखं तिथे काही नव्हतं.' दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. ते मी का लिहिलं हे मला आजही सांगता येत नाही.

गुरुवारी समितीला चाळीस मिनिटं पुरली. खोली कोटला मिळाली. बारकीच्या प्रबंधाच्या नावातच 'शुद्ध निकेल' होतं आणि तिची मुदत दोन महिन्यांवर आली होती. तिने सामान बांधलं. जाताना मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "माझ्या हाताला गुण होता, मॅडम. कामच खोटं होतं."

मावशी तरी सुटेल असं मला वाटलं होतं. शुक्रवारी कार्यालयातून तिला चिठ्ठी आली. चोरीचा आरोप नव्हता. 'चालू उपकरणास विनापरवानगी हात लावल्यामुळे सेवा समाप्त.' मी तरातरा कार्यालयात गेले. म्हटलं, परवानगी कसली, लेखी हुकूम आहे, दारावर चिकटवलाय.

साहेब शांतपणे म्हणाले, "कागद आणा. लगेच रद्द करतो."

मी धापा टाकत कॉरिडॉरच्या टोकाला गेले. दारावर चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चार तुकडे होते. मधे काही नव्हतं.

आत गुंड्या खोक्यात पुस्तकं भरत होता.

"दारावरचा कागद कुठे गेला?"

"कुठला कागद?" त्याने मान वर केली नाही.

अठ्ठावन्न वर्षं हा आवाज ऐकतेय मी. त्या कागदामुळे मावशी वाचली असती आणि लॅब स्वतःच्याच हुकमाने मेली असं जगाला दिसलं असतं. या सगळ्या प्रकरणात एकच चोरी झाली, आणि ती माझ्या अहवालानंतर, माझ्याच भावाच्या हातून. मी परत कार्यालयात जाऊन सांगितलं की मी तो कागद डोळ्यांनी पाहिलाय. साहेब म्हणाले, तुम्ही त्यांच्या बहीण, भावाच्या विरुद्ध बोलताय हे कौतुकास्पद आहे, पण कागद लागतो.

मावशी फाटकापाशी भेटली. हातात पिशवी होती, पिशवीत तिचे कामाचे कपडे. मी काय झालं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रागावली नाही.

"मॅडम, गंज काढणं चांगलंच असतं ना?" तिने विचारलं. खरोखर विचारत होती ती. मी हो म्हणाले.

मी पुन्हा लॅबमध्ये गेले. गुंड्या नव्हता. तीन नंबरचा जार उचलून बाजूला ठेवला, कोमट पाणी सिंकमध्ये ओतलं, आईचं पातेलं पुसून पिशवीत घातलं. वही टेबलावर उघडीच होती. मावशीच्या ठसठशीत नोंदीखाली मी तारीख घातली, 'गंज काढला' असं लिहिलं आणि सही केली.